सात माणसांची ओझी

सावंतवाडीला आमच्या परसात एक जुना रायवळ आंबा आहे आणि त्याच्या बेचक्यात एक आमरी, म्हणजे ऑर्किड, आहे. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हाही ती होती. सासूबाई तिला बांडगूळ म्हणायच्या. आंबे उतरवायला गडी झाडावर चढला की खालून सांगायच्या, "तेवढं ते बांडगूळ खरवडून टाक रे." मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. नवी सून होते, तरी तेवढ्यापुरती मध्ये पडायचे. बांडगूळ फांदीत मुळं घुसवून झाडाचा रस पितं. आमरी झाडाकडून फक्त बसायला जागा घेते, पाणी पावसाचं आणि दवाचं पिते आणि अन्न स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते. माझ्या सांगण्याने सासूबाईंना काही ते पटलं नाही. मग एका मे महिन्यात पांढऱ्या-गुलाबी फुलांचा हातभर घोस पानांआडून खाली लोंबू लागला आणि शेजारच्या बायका बघायला आल्या, तेव्हा पटलं. सीतेची वेणी! त्यानंतर त्यांनी त्या फांदीला कुणाला हात लावू दिला नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी लंडनला मुलाकडे होते. नातीला शाळेची आठवडाभराची सुट्टी होती, सूनबाईने रजा घेतली होती. "आई, क्यू गार्डन्समध्ये ऑर्किडचा महोत्सव लागलाय, तुम्हाला आवडेल," असं म्हणून तिने परस्पर तिकिटं काढून ठेवली होती. ईलिंगहून ६५ नंबरची बस थेट बागेच्या दारापर्यंत जाते. नातीच्या आग्रहाने आम्ही वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या बाकावर बसलो. बाहेर सात-आठ अंश तापमान, आभाळ राखेच्या रंगाचं आणि पडतोय की नाही कळू नये असा पाऊस. क्यूच्या पुलावरून थेम्स ओलांडताना नदीही त्याच रंगाची दिसली. आमच्याकडे पाऊस येतो तो वाजत-गाजत येतो. हा मुका पाऊस मला शेवटपर्यंत सवयीचा झाला नाही.

क्यूची बाग १७५९ मध्ये राजघराण्याच्या हौसेतून सुरू झाली. आज वनस्पतिशास्त्रातला फार मोठा अधिकार तिच्याकडे आहे आणि २००३ पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. एवढं मी मुलांना शिकवायचे. प्रत्यक्षात आधी जाणवली ती वर दर दोन मिनिटांनी हीथ्रोकडे उतरणारी विमानं. गवतात जांभळे क्रोकस नुकते वर आले होते. बाकी मोठमोठे वृक्ष निष्पर्ण, काळे, ओलेचिंब. एवढ्या झाडांखालून चालताना एकही पान डोक्यावर नाही, याची कोकणातल्या माणसाला भीतीच वाटते.

महोत्सव होता तो 'प्रिन्सेस ऑफ वेल्स कन्झर्व्हेटरी' या काचघरात. हे काचघर १९८७ मध्ये उघडलं. पाम हाऊस या क्यूच्या प्रसिद्ध काचघराला घुमटाकार डौल आहे, तो याला नाही. हे जमिनीलगत पसरलेलं, काचेच्या उतरत्या छपरांची रांग असावी असं, थोडं जमिनीत रुतलेलं. आतमध्ये दहा वेगवेगळी हवामानं राखलेली आहेत. एका दाराशी वाळवंटातले निवडुंग, दोन दारं ओलांडली की घामाघूम करणारं जंगल. आम्ही आत पाऊल टाकलं आणि माझा चष्मा पांढरा झाला. मी जागेवरच थांबले. दिसत काही नव्हतं, पण नाकाला ओल्या मातीचा, कुजत्या पाल्याचा आणि शेवाळाचा वास आला. जुलैतल्या आमच्या आंबोली घाटाचा वास. दीड महिन्यात पहिल्यांदाच मला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. नात म्हणाली, "आजी, स्वेटर काढ ना." मी कानटोपीसकट सगळं काढून तिच्या हातात दिलं.

दरवर्षी हा महोत्सव एखाद्या देशाला वाहिलेला असतो. २०१७ मध्ये तो मान भारताला मिळाला होता. त्या वर्षी मादागास्कर होतं. मधल्या तळ्यावर फुलांची आरास, कमानींवरून ओघळणारे फॅलेनॉप्सिसचे झुबके, पानाफुलांनी सजवलेले लेमूर. गर्दी तिथेच होती. छायाचित्रं काढणाऱ्यांची रांग पुढे सरकत नव्हती. मला आरास आवडली, पण डोळा तिथे ठरला नाही. फॅलेनॉप्सिसची ती रोपं प्रयोगशाळेत एकासारखी एक वाढवतात आणि दुकानांत शेकड्यांनी विकतात. शंभर फुलं पाहिली तरी पुन्हा पहिलंच पाहिल्यासारखं होतं. नातीला लेमूरपाशी सोडून मी मादागास्करच्या खऱ्या रानातल्या आमरींच्या शोधात निघाले.

आणि ते फूल सापडलं.

आंग्रेकम सेस्क्विपेडाले. गर्दीच्या वाटेपासून जरा बाजूला, एका खोडावर बसवलेलं. तळहाताएवढी मेणासारखी पांढरट चांदणी. चांदणीच्या मागून एक हिरवट, सुतळीएवढी जाड नळी निघून खाली लोंबत होती, जवळजवळ फूटभर. वर्गात फळ्यावर मी ही नळी खडूने कित्येकदा काढली होती. प्रमाण नेहमी चुकायचं, फळा कमी पडायचा. आता ती डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्यापुढे वर्गातल्या मुलीसारखी उभी होते.

याची गोष्ट अशी. १८६२ च्या जानेवारीत जेम्स बेटमन या ऑर्किडच्या शौकीन संग्राहकाने चार्ल्स डार्विनकडे काही फुलं पाठवली. त्यात हे होतं. डार्विनने नळी मोजली, साडेअकरा इंच भरली. तिच्या अगदी तळाशी थोडासा मध. साडेअकरा इंच खोल विहिरीच्या तळाशी ठेवलेला घोटभर मध फुलाने कुणासाठी ठेवला असेल? डार्विनने त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ऑर्किडच्या परागीभवनावरच्या पुस्तकात लिहून टाकलं, की मादागास्करमध्ये दहा-अकरा इंच लांब सोंडेचा पतंग असला पाहिजे. असा पतंग तोवर कुणी पाहिलेला नव्हता. काही कीटकशास्त्रज्ञांनी हसण्यावारी नेलं. आल्फ्रेड वॉलेसने मात्र १८६७ मध्ये डार्विनची बाजू घेतली आणि त्या पतंगाचा शोध खुशाल घ्यावा, तो सापडेलच, असं सांगितलं. १८८२ मध्ये डार्विन वारला. पतंग सापडून त्याचं वर्णन छापलं गेलं ते १९०३ मध्ये. त्याच्या नावात 'प्रेडिक्टा' हा शब्द घातला, म्हणजे ज्याचं भाकीत झालं होतं तो. या फुलाशी येऊन तो खरोखरच मध पितो, हे दिसायला तर १९९२ उजाडावं लागलं.

ही गोष्ट मी दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगायचे. शास्त्रज्ञ भविष्य सांगतो ते कुंडली मांडून सांगत नाही, नळी मोजून सांगतो, असं म्हणायचे. पण त्या दिवशी फुलासमोर उभी राहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी इतकी वर्षं शिकवताना आली नव्हती. फुलाला वास नव्हता. मी नाक अगदी जवळ नेलं. शेजारी बागेचा बिल्ला लावलेल्या एक वयस्क बाई उभ्या होत्या, तिथे स्वयंसेवक म्हणून येतात. त्या हसून म्हणाल्या, "आत्ता नाही यायचा, रात्री या." बरोबरच. पतंग रात्री हिंडतो, म्हणून फूल पांढरं, म्हणून सुगंधही अंधार पडल्यावरच. क्यूच्या काचघरात हे फूल रोज रात्री दरवळत असणार आणि ज्याच्यासाठी दरवळतं तो हजारो मैलांवर. बी धरायचं असेल तर माळी येऊन काडीने पराग उचलणार. मला त्या फुलाकडे बघवेना आणि तिथून हलवेनाही.

काडीचं मी सहज लिहिलं, पण काडीलाही इतिहास आहे. पुढच्याच कोपऱ्यात व्हॅनिलाचा वेल चढवला होता. आपल्या मिरवेलीसारखाच, पण पानं मांसल. नात तोवर मला शोधत आली होती. आइस्क्रीममधला व्हॅनिला म्हणजे ऑर्किडची शेंग, हे तिला खरं वाटेना. व्हॅनिला मूळचा मेक्सिकोचा. तिथून तो हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर नेला, तिथे वेल माजला, फुलला, पण शेंग धरेना. फुलाला ओळखणारी माशी मेक्सिकोतच राहिली होती. १८४१ मध्ये एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने मार्ग काढला. फुलात स्त्रीकेसर आणि पराग यांच्या मधोमध एक पातळ पडदा असतो. तो काडीने उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबून बसवायचा. इतकंच. पण त्या 'इतकंच'वर पुढे मादागास्करचा सारा व्हॅनिला उभा राहिला आणि आज जगातला बहुतांश व्हॅनिला तिथून येतो. फूल एकच दिवस उमलतं, म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत बायका-पोरं रोज सकाळी वेलींतून हिंडत एकेक फूल हाताने फळवतात. गुलामी १८४८ मध्ये संपली, तेव्हा एडमंडला आल्बियस हे आडनाव मिळालं. पैसा मात्र मिळाला नाही. तो १८८० मध्ये दारिद्र्यातच वारला. नातीने विचारलं, "आजी, तो माझ्यापेक्षा किती मोठा होता?" मी म्हटलं, "दोन वर्षांनी." ती बराच वेळ काही बोलली नाही.

आमच्या भागातही काही वर्षांपूर्वी व्हॅनिलाचं वारं आलं होतं. भाव आकाशाला भिडले, लोकांनी सुपारीच्या बागांत वेल चढवले. आमच्या शेजारच्या काकी पहाटे काडी घेऊन वेलींत जायच्या ते मी पाहिलं आहे. शेंग हातात येईतो भाव कोसळले आणि वेल उपटले गेले. पण काकींच्या हाताला ती हातोटी अजून आहे.

पुढे व्हँडा होते. छपराच्या दांड्यांना टांगलेले, बिनमातीचे, पांढरी मुळं हवेत मोकळी सोडलेली. त्यातले निळे-जांभळे सगळ्यांना थांबवत होते. फुलावर गडद जाळी असते, पाटीवर पुसट रेघा उमटाव्यात तशी. हे आजचे संकर. त्यांच्या निळाईचा उगम आपल्याकडे, मेघालयातल्या खासी टेकड्यांत आहे. तिथली व्हँडा सेरूलिया ही जात त्यांची पूर्वज.

जोसेफ डाल्टन हूकर १८५० मध्ये खासी टेकड्यांत गेला होता. तो वनस्पतिशास्त्रातला थोर माणूस. पुढे वीस वर्षं क्यूचा संचालक होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वनस्पतींचे सात खंड त्याने उभे केले. त्याचे उपकार मी नाकारत नाही. हिमालयातल्या प्रवासाची त्याची रोजनिशी १८५४ मध्ये छापून आली. खासीतल्या ओकच्या झाडांवर निळ्या व्हँडाचे घोस पाहून तो हरखून गेला होता, हे तीत आहे. आणि तीतच पुढे आहे, की क्यूच्या बागेसाठी त्याने आणि सोबत्यांनी या फुलझाडांची सात माणसांची ओझी गोळा केली आणि त्यातली फारच थोडी इंग्लंडला जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने एका माणसाचं ओझं पाठवलं, ते वाईट अवस्थेत पोहोचलं, तरी ३०० पौंडांना विकलं गेलं, हेही त्याने नोंदवलं आहे.

सात माणसांची ओझी. कोकणातल्या माणसाला ओझं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आमच्याकडे बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन घाटी चढतात. तेवढे सात भारे, सगळे निळ्या फुलांच्या झाडांचे, आणि पोहोचली मूठभर. हा एकट्या हूकरचा दोष नाही. त्या काळी इंग्लंडात ऑर्किडचं वेड शिगेला पोहोचलं होतं. श्रीमंतांच्या काचघरांसाठी संग्राहक जगभर हिंडत होते आणि फांदीवरची आमरी काढायला अख्खी झाडं पाडत होते. आणलेली रोपं मरायची, कारण गरम देशातलं म्हणजे कोंदट उष्णता हवी, असं समजून त्यांना भट्टीसारख्या काचघरांत कोंडायचे. गंमत अशी, की खासीतला व्हँडा उघड्या वाऱ्यावर, हिवाळ्याच्या थंडीत आणि कोरड्या हवेत वाढतो, हे हूकरने स्वतः पाहून लिहिलं होतं. मरतील त्या जागी नवी आणायची, एवढाच उपाय होता, कारण बियांपासून ऑर्किड खात्रीने वाढवता येत नव्हती.

ते का येत नव्हतं, तेही सांगते. आमरीचं बी म्हणजे धूळ. एका शेंगेत लाखो बिया असतात, पण बीबरोबर शिदोरी नसते. भाताच्या दाण्यात पिठूळ अन्न असतं, आंब्याच्या कोयीत दलं असतात, आमरीच्या बीत काही नाही. ते रुजतं ते एखाद्या विशिष्ट बुरशीचा धागा आत शिरला आणि त्याने अन्न पुरवलं तरच. १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे पहिल्यांदा ओळखलं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने साखर घातलेल्या अगरवर, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं. दुकानातलं स्वस्त फॅलेनॉप्सिस त्या काचेच्या बाटलीतून आलं आहे. रानात मात्र आजही बुरशी लागते, साल लागते, धुकं लागतं आणि येणारा तो एकच पतंग नाहीतर माशी लागते. एवढ्या सगळ्यांचं जमलं तर एक आमरी. जगात आमरींच्या २८ हजारांच्या आसपास जाती आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीने आपला संसार असा परक्यांच्या भरवशावर मांडला आहे. त्या सात ओझ्यांत झाडं होती, पण ती ज्यांच्या आधाराने जगत होती ते कुणीच नव्हते.

बाहेर पडलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि अंधारून आलं होतं. मी सूनबाईला म्हटलं, एक इमारत मला बाहेरून तरी दाखव. क्यू ग्रीनच्या बाजूला क्यूचा वनस्पतिसंग्रह आहे. वाळवून कागदावर चिकटवलेले सुमारे ७० लाख नमुने. आत आम्हाला जाता येणार नव्हतं, जायचंही नव्हतं. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, प्राचार्य थिओडोर कुक निवृत्तीनंतर इथे येऊन बसले होते. पेशाने ते अभियंते. महाराष्ट्रात, कोकणात, कर्नाटकात, गुजरातेत गोळा केलेले नमुने पुढ्यात घेऊन त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो प्रसिद्ध झाला. माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्याचं पुनर्मुद्रण होतं. आमच्या आंब्यावरच्या आमरीचं शास्त्रीय नाव, ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, मी त्यातूनच शोधून काढलं होतं. सासूबाईंशी वाद घालायची हिंमत मला त्या पुस्तकाने दिली. तेव्हा त्या बंद दाराला मी रस्त्यावरूनच नमस्कार केला. इंग्रजांनी नेलं ते नेलं, पण लिहून ठेवलं तेही इतक्या कसोशीने, की आज आपल्या घाटात काय होतं आणि काय उरलं हे ताडून बघायला ते पानच उघडावं लागतं. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात.

बागेच्या दुकानात सूनबाई मला एक रोप घेऊन द्यायला निघाली होती. मी नको म्हटलं. ऑर्किड देशाबाहेर न्यायची तर कागदपत्रं लागतात, आणि तसं असायलाच हवं. रानातल्या सगळ्याच ऑर्किडच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे. पण खरं कारण ते नव्हतं. ते मला रात्री घरी फोन लावला तेव्हा नीट उमगलं. हे म्हणाले, "आंबोलीला जाऊन आलो. चौकुळच्या वाटेवर डेंड्रोबियम फुललंय, बिनपानाच्या काड्यांवर पांढरी फुलंच फुलं." म्हणजे मी लंडनमध्ये तिकीट काढून, चष्मा पुसत काचेखालची फुलं बघत होते, त्याच आठवड्यात आमच्या घाटात आमरी उघड्यावर फुलली होती, आणि खालून जाणाऱ्या गाड्यांतलं कुणी मान वर करून पाहत नव्हतं.

घाटातले रस्ते रुंद होताहेत, जुने आंबे आणि ऐन पडताहेत. मेमध्ये रस्त्याकडेला रानातून ओरबाडलेल्या आमरी जुड्या बांधून विकायला बसलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या विकत घेऊ नका. विकणारा गरीब आहे हे खरं, पण तुम्ही घेतलीत की तो उद्या आणखी एक झाड चढेल. पाडलेल्या झाडावर मात्र आमरी दिसली तर तिला तिथे टाकून जाऊ नका. मुळं न तोडता, सालीच्या तुकड्यासकट उचला आणि तिथल्याच जवळच्या उभ्या, खडबडीत सालीच्या झाडाला सावलीच्या बाजूने सुंभाने बांधा. माती घालू नका, खत घालू नका. पहिला पावसाळा गेला की मुळं साल धरतात आणि सुंभ आपोआप कुजून गळतो. आमच्या आंब्यावर आता तीन आमरी आहेत. त्यांतल्या दोन अशाच बांधलेल्या.